एचटीटी-४०
एचटीटी-४० : हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने (एचएएल) भारतीय वायुसेनेच्या नवशिक्या वैमानिकांसाठी तयार केलेले दोन आसनी, एका टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या) इंजिनाचे प्राथमिक प्रशिक्षण विमान. आराखडा बंगळूरचा, पहिले उड्डाणही तिथेच, ३१ मे २०१६ रोजी झाले. उत्पादनाची दुसरी साखळी मात्र नाशिकजवळच्या ओझरला असून, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे उद्घाटन झाले.

ओझरला सवय लढाऊ विमानांची. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री (आणि नाशिकचेच खासदार) असताना, १९६४ मध्ये येथे मिग-२१ साठी कारखाना उभा राहिला. द्राक्षबागांच्या मुलखातल्या त्या वसाहतीला लोक आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले, नाव तेवढे राहिले. मिग-२१ च्या पाठोपाठ याच ठिकाणी मिग-२७ आणि सुखोई-३० बनली. त्यांच्यापुढे एचटीटी-४० अगदीच चिमुकले : उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन २,८०० किलो, कमाल वेग ताशी सुमारे ४५० किमी.

आकाराने लहान म्हणून आराखडा सोपा, असे मात्र नाही. लढाऊ विमान निष्णात हातांसाठी घडवतात. प्रशिक्षण विमान चुकणाऱ्या हातांसाठी. त्यातली सर्वांत कठीण परीक्षा गिरकीची. वेग फार उतरला किंवा नाक प्रमाणाबाहेर वर गेले, की पंखांवरची हवा विस्कटते आणि विमानाला तोलून धरणारी उचल कोसळते. एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक ढासळला, तर विमान स्वतःभोवती फिरत खाली येऊ लागते. शिकाऊ वैमानिकाला हे मुद्दाम करून दाखवावे लागते, म्हणजे विमानाने गिरकीत शिरलेही पाहिजे आणि ठरल्या उपायाने बाहेरही आले पाहिजे. तो उपाय ढोबळमानाने असा : इंजिनाची शक्ती कमी करायची, गिरकीच्या उलट बाजूचा रडर (उभ्या शेपटीवरचे, पायाने चालणारे सुकाणू) दाबायचा, हातातला नियंत्रणाचा दांडा पुढे ढकलायचा. पण आडव्या शेपटीच्या आडोशाने रडरला पुरेशी हवाच मिळाली नाही, तर पाय कितीही दाबून उपयोग नाही. म्हणून उभ्या आणि आडव्या शेपटीची परस्परजागा हा अशा विमानाच्या आराखड्यातला कळीचा प्रश्न ठरतो. एचटीटी-४० लाही शेपटीकडच्या भागात फेरफार करून मगच या चाचण्या पार पाडाव्या लागल्या.

आसने एकामागे एक आहेत. वायुसेनेच्या आधीच्या प्रशिक्षण विमानात, एचपीटी-३२ ‘दीपक’ मध्ये, ती शेजारी-शेजारी होती. गुरूला शिष्याचे हात दिसत, हा त्या रचनेचा मोठा फायदा. पण पुढे एकट्याने लढाऊ विमान चालवायचे, तर मधोमध बसून दोन्ही बाजूंना सारखे पाहण्याची सवय सुरुवातीपासूनच हवी. मागचे आसन उंच असते, प्रशिक्षकाला शिष्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसावी म्हणून. दोघांनाही जमिनीवर उभ्या विमानातूनसुद्धा बाहेर फेकणारी आसने आहेत. इंजिन चालू ठेवूनच इंधन भरता येते आणि शिष्यही बदलता येतो.

इंजिन हनीवेल या अमेरिकी कंपनीचे टीपीई३३१-१२बी, ११०० अश्वशक्तीचे. एचएएल बनवत असलेल्या डॉर्नियर-२२८ या छोट्या वाहतूक विमानाला याच कुळातले इंजिन असल्यामुळे एचएएलला ते परके नव्हते. तुलनेसाठी : विष्णू माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली घडलेले आणि १९५१ मध्ये प्रथम उडालेले एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान सुमारे १५५ अश्वशक्तीवर भागवत असे. तेही एकामागे एक आसनांचेच होते.

‘दीपक’चे उड्डाण २००९ मध्ये थांबवले गेल्यावर वायुसेनेने स्विस पिलॅटस पीसी-७ मार्क २ जातीची ७५ विमाने घेतली. त्या काळात एचटीटी-४० एचएएलने स्वतःच्या पैशावर तगवले, आणि त्या हट्टाचे श्रेय कंपनीला द्यायलाच हवे. अखेर मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा, सुमारे ६,८०० कोटी रुपयांचा करार झाला. उत्पादन साखळीतले पहिले विमान २४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंगळूरला उडाले, ओझरच्या उद्घाटनानंतर बरोबर आठवड्याने.