‘मी बाहेर पडतो’ की ‘भागीदारी मोडतो’?

कागद नाही म्हणून भागीदारीच नव्हती, असे कायदा मानत नाही. 1932 चा भारतीय भागीदारी कायदा तोंडी करार धरतो आणि रोजच्या व्यवहारातून दिसणारा करारही धरतो. मुदत किंवा शेवट ठरलेला नसेल तर ती भागीदारी ‘इच्छाधीन’, म्हणजे कोणीही लेखी नोटीस देऊन संबंध तोडू शकतो. घोटाळा होतो तो इथे, कारण तोडण्याचे प्रकार दोन आहेत आणि बाजारात दोन्हींना ‘पार्टनरशिप सोडली’ एवढेच म्हणतात.

पहिला प्रकार निवृत्ती, कलम 32. एक जण निघतो, बाकीचे धंदा चालू ठेवतात. दुसरा प्रकार विसर्जन, कलम 43. पेढीच, म्हणजे भागीदारीचा धंदाच, संपते; मालमत्ता विकून देणी भागवायची आणि उरलेले वाटायचे. दोन्हींची नोटीस सगळ्या भागीदारांना लेखीच द्यावी लागते. विसर्जनाच्या नोटिशीत तारीख घातली नसेल तर ती कळवल्याच्या दिवसापासून पेढी संपली असे धरतात. ‘आपले आता जमणार नाही’ असा मोघम मजकूर पाठवला की कोणते कलम लागू, यावरच पुढे वाद होतो. म्हणून ‘निवृत्त होत आहे’ किंवा ‘भागीदारी विसर्जित करत आहे’ हे नेमके शब्द लिहा, तारीख घाला आणि पोचपावतीसह पाठवा.

भागीदार दोघेच असतील तर मात्र हा फरक गळून पडतो. एकट्या माणसाची भागीदारी असूच शकत नाही. दोघांतला एक निवृत्त झाला की ते विसर्जनच ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे.

पैशांचा फरक मोठा. निवृत्तीत हिशेब न मिटवता उरलेल्यांनी पेढीच्या मालमत्तेवर धंदा चालू ठेवला, तर बाहेर पडलेला आपल्या वाट्यामुळे झालेला नफा किंवा त्या वाट्यावर 6 टक्के वार्षिक व्याज, यांतले एक मागू शकतो. विसर्जनात कलम 48 चा क्रम लागतो: आधी बाहेरची देणी, मग भागीदाराने भांडवलाव्यतिरिक्त दिलेली उसनवार, मग भांडवल, शेवटी शिल्लक.

समजा, गोव्यात म्हापशात तिघांचे हार्डवेअरचे दुकान आहे. पहिल्याचे भांडवल 6 लाख, दुसऱ्याचे 3 लाख, तिसऱ्याची फक्त मेहनत. सगळे विकून 12 लाख आले. व्यापाऱ्यांचे 4 लाख आणि पहिल्याची 2 लाखांची उसनवार फेडल्यावर 6 लाख उरतात, भांडवल तर 9 लाख. तूट 3 लाखांची. प्रमाण ठरल्याचा पुरावा नसेल तर नफ्यातोट्याचा वाटा समान, म्हणजे प्रत्येकी 1 लाख. पहिल्याला 5 लाख, दुसऱ्याला 2 लाख, आणि तिसऱ्याने खिशातून 1 लाख भरायचा! मेहनतीचा वेगळा पगारही मिळत नाही, तसे ठरल्याचे दाखवता आले नाही तर.

‘मी निघालो, आता माझा संबंध नाही’ हा समज दोन्हीकडे घातक. जुन्या कर्जातून सुटका हवी तर सुटकेच्या करारात कर्ज देणाराही हवा. शिवाय जाहीर नोटीस निघेपर्यंत, तुम्हाला भागीदार म्हणून ओळखणाऱ्यांशी नंतर झालेले व्यवहारही अंगावर येऊ शकतात. जाहीर नोटीस म्हणजे राजपत्र आणि त्या जिल्ह्यात खपणारे एक तरी देशी भाषेतले वृत्तपत्र, म्हणजे आपल्याकडे मराठी किंवा कोंकणी. फक्त इंग्रजी दैनिकातली जाहिरात पुरत नाही. पेढी नोंदणीकृत असेल तर निबंधकालाही कळवावे लागते. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवलेले बरे.

गोव्यात खरी अडचण परवान्यांची. जीएसटी, पंचायतीचा परवाना, बारचा अबकारी परवाना बहुधा एकाच्याच नावावर असतो. मग दुसऱ्याला आधी आपण भागीदार होतो हेच सिद्ध करावे लागते. नुसता नफ्यातला वाटा पुरेसा नाही. बँकेतून गेलेले भांडवल, माल घेतल्याची बिले, हिशेबाचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपून ठेवा. आणि दुकानाचा गाळा भागीदाराच्या नावावर असेल, तर पतीपत्नींच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे विक्रीला जोडीदाराची संमतीही लागते. लग्नाआधी वेगळा करार असेल तरच गोष्ट वेगळी. तडजोडीच्या कागदावर ती सही आधीच घ्या.

नोंदणी नसलेली पेढी बाहेरच्या ग्राहकावर वसुलीचा दावा करू शकत नाही, पण विसर्जनाचा आणि संपलेल्या पेढीच्या हिशेबाचा दावा भागीदाराला करता येतो. हिशेबाच्या दाव्याची मुदत विसर्जनापासून 3 वर्षे. नातेवाईक मध्यस्थी करत बसले म्हणून ती थांबत नाही.