विनेबिलिटी आणि विचारनिष्ठा : गोव्यातील उमेदवारनिवड

निवडणुकीचा उमेदवार ठरवताना पक्षापुढे दोन प्रश्न असतात : हा निवडून येईल का, आणि हा आपल्या विचाराचा आहे का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असले तर तिकीटवाटपाची बैठक लवकर उठते. बहुतेक वेळा तसे होत नाही. ज्याच्यामागे मते आहेत तो कालपर्यंत दुसऱ्या पक्षात असतो, आणि ज्याने वीस वर्षे खुर्च्या मांडल्या, पोस्टर लावले, त्याला स्वतःच्या वाड्याबाहेर कोणी ओळखत नाही. पहिल्या गुणाला महाराष्ट्रात ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात, गोव्यात ‘विनेबिलिटी’. दुसऱ्या गटाला सगळीकडेच ‘निष्ठावंत’ म्हणतात, आणि हा शब्द वापरात येतो तो बहुधा त्यांचे तिकीट कापले गेल्यावर.

हा पेच जगभर आहे. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाने १९६४ साली बॅरी गोल्डवॉटर हे कट्टर विचारांचे उमेदवार दिले आणि ५० पैकी फक्त सहा राज्ये जिंकली. त्यानंतर विल्यम बकले या उजव्या संपादकाने एक सूत्र मांडले : जिंकू शकणाऱ्यांपैकी जो सर्वांत जास्त आपल्या विचाराचा, त्याला पाठिंबा द्यावा. मात्र तिकडे उमेदवार प्राथमिक निवडणुकीत मतदारच निवडतात. आपल्याकडे यादी दिल्लीतून येते, त्यामुळे हा वाद मतदारांपुढे न होता बंद दाराआड होतो आणि बंडखोरीच्या रूपाने बाहेर पडतो.

गोव्यात या वादाला वेगळे वळण लागले ते मतदारसंघांच्या आकारामुळे. विधानसभेच्या ४० जागा, आणि २०२२ मध्ये मतदार साधारण साडेअकरा लाख. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतच. त्यातले सुमारे ७९ टक्के मतदानाला आले. चार-पाच तगडे उमेदवार असले की आठ-नऊ हजार मतांवर आमदार होता येते, कुठे त्याहूनही कमी. २०२२ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत ६६६ मतांनी निवडून आले. फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी जिंकले. इतक्या कमी फरकाच्या लढतीत पक्षाची लाट, जाहीरनामा, राष्ट्रीय मुद्दे या गोष्टी दुय्यम ठरतात. दोन वाडे आणि एक मोठे कुटुंब फिरले तरी निकाल फिरतो.

म्हणून विनेबिलिटी मोजतात ती माणसागणिक. पंचायत निवडणूक गोव्यात पक्षचिन्हावर होत नाही. तिथे निवडून आलेले पंच आणि सरपंच हे कोणत्या पक्षाचे यापेक्षा ‘कोणाचे’ हा प्रश्न विचारला जातो. ज्याचे पंच जास्त, त्याचे तिकीट पक्के. असा उमेदवार पाच वर्षे काय करतो ते तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असते : दयानंद सामाजिक सुरक्षा किंवा गृहआधार या सरकारी योजनांचा अर्ज भरून देणे, रात्री-अपरात्री रुग्णाला बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचवून तिथल्या डॉक्टरला फोन लावणे, चवथीला (गणेशचतुर्थीला) माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचे, सामान आणि किराणा घरपोच करणे, चर्चच्या फेस्ताला देणगी, फुटबॉलच्या स्पर्धेला चषक, आणि कोणाच्या तरी मुलाला सरकारी खात्यात चिकटवणे. यातून जी मते जमतात ती पक्षाची नसतात, त्या माणसाची असतात, आणि तो पक्ष बदलतो तेव्हा ती सोबत नेतो, निदान पक्ष तसे समजतात. या समजुतीवरच गोव्याचे तिकीटवाटप चालते. ती किती खरी, हे पुढे येईल.

सुरुवात मात्र उलट होती. मुक्तीनंतरची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. देशभर सत्तेत असलेल्या काँग्रेसला गोव्याच्या २८ मतदारसंघांत एकही जागा मिळाली नाही. ३० जणांच्या विधानसभेत तिचा एकमेव आमदार दमणचा. एकीकडे बहुजन समाज, मराठी आणि महाराष्ट्रात विलीनीकरण हा कार्यक्रम घेऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) होता, दुसरीकडे गोव्याचे वेगळेपण राखू पाहणारा जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स (युगो). दोघेही ठाम भूमिकेचे, आणि मते त्या भूमिकांनाच पडली. कुळे आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे) यांनी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, विरोधात मत दिले. उमेदवार कोण हे त्यांनी फारसे पाहिले नाही. मुख्यमंत्री झालेले दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, यावर तेव्हाच्या मगोच्या मतदाराने नाक मुरडले नाही. पक्षाची वैचारिक कसोटी विलीनीकरण आणि बहुजनांची सत्ता ही होती, आणि तीवर भाऊसाहेब उतरत होते. मगोने लोकसभेसाठी पाठिंबा दिलेले समाजवादी पीटर आल्वारीस हे ख्रिस्ती असूनही विलीनीकरणाच्या बाजूचे होते.

मग १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. ज्या मागणीसाठी पक्ष जन्माला आला ती मागणीच ३४,०२१ मतांनी हरली. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो पुन्हा सत्तेवर आला. हा निकाल या विषयाच्या अभ्यासकाने नीट पाहावा असा आहे. मतदाराने पक्षाचा मुख्य विचार नाकारला आणि पक्ष मात्र ठेवला. सिंहाचे चिन्ह, भाऊ, आणि कसेल त्याची जमीन हे बंध विलीनीकरणाहून घट्ट निघाले. कोणता विचार पातळ केला तरी चालतो आणि कोणता नाही, हे पक्षाच्या घटनेवरून कळत नाही हे तेव्हापासून दिसू लागले.

१९७३ मध्ये भाऊसाहेब गेले, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, १९७९ मध्ये सरकार पडले, आणि १९८० मध्ये अर्स काँग्रेसच्या (देवराज अर्स यांच्या गटाच्या) चिन्हावर निवडून आलेले लोक लवकरच इंदिरा काँग्रेसमध्ये गेले. त्यांचे नेते प्रतापसिंह राणे मूळचे मगोचे. व्यक्तीभोवती जमणारे राजकारण इथून पक्के झाले.

१९८५ साली घटनेच्या ५२व्या दुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षांतराला आळा बसावा हा हेतू. गोव्यात त्याने पक्षांतराला गणित शिकवले. त्या वेळी एक तृतीयांश आमदार फुटले तर तो ‘विभाजन’ मानला जाई. १९८९ मध्ये ४० जागांच्या पहिल्या विधानसभेत काँग्रेसला २० आणि मगोला १८ जागा मिळाल्या. मार्च १९९० मध्ये सभापती लुईस प्रोत बार्बोझा यांच्यासह काँग्रेसचे सात आमदार बाहेर पडले आणि मगोबरोबर पुरोगामी लोकशाही आघाडीचे सरकार बनवले. काही दिवस मुख्यमंत्री होते चर्चिल आलेमाव. कोकणी राजभाषा आंदोलनात रस्त्यावर उतरलेला, दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्याचा नेता मराठीवादी मगोच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाला, तेव्हा दोन्ही बाजूंचे जुने कार्यकर्ते एकमेकांकडे बघत राहिले असणार. २००३ मध्ये ९१व्या दुरुस्तीने विभाजनाची सोय काढली आणि दुसऱ्या पक्षात विलीनीकरणाची, म्हणजे दोन तृतीयांशांची, ठेवली. मग आकडा बदलला, खेळ तोच राहिला : २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा गेले, २०२२ मध्ये अकरापैकी आठ.

भारतीय जनता पक्षाची वाटचाल या विषयाचे सर्वांत सविस्तर उदाहरण आहे, कारण इथे मुळात केडर होते, म्हणजे निष्ठावंत म्हणवून घेण्याचा हक्क असलेले लोक होते. १९९४ मध्ये मगोशी युती करून पक्षाचे चार आमदार आले. त्यांत मनोहर पर्रीकर, श्रीपाद नाईक आणि दिगंबर कामत होते. २००० साली पर्रीकर मुख्यमंत्री झाले. २००५ मध्ये कामत काँग्रेसमध्ये गेल्याने त्यांचे सरकार पडले, आणि दोनच वर्षांनी कामत काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. धडा घेऊन भाजपने २०१२ मध्ये दार रुंद केले. सहा ख्रिस्ती उमेदवार उभे केले आणि सहाही निवडून आले. पक्षाला २१ जागा, स्वबळावर बहुमत. त्याच निवडणुकीत काँग्रेसने आलेमाव कुटुंबातल्या चौघांना विनेबिलिटीच्या नावाखाली तिकिटे दिली, चौघेही हरले. हुकमी म्हटलेला पत्ता असा चारही हातांत पडतो तेव्हा त्याची चर्चा नंतर कोणी करत नाही.

ख्रिस्ती मतांची किंमत पक्षाला भाषेच्या प्रश्नावर मोजावी लागली. १९९० साली शिक्षणमंत्री असताना काकोडकरांनी मराठी-कोकणीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आणले होते. २०११ मध्ये कामत सरकारने इंग्रजी माध्यमाला अनुदान खुले केले, तेव्हा भाजप भारतीय भाषा सुरक्षा मंचाबरोबर आंदोलनात होता. सत्तेवर आल्यावर मात्र डायोसिजनच्या, म्हणजे चर्चच्या, शाळांचे अनुदान चालू राहिले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोव्यातील प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी हे सोडले नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले. गोवा सुरक्षा मंच स्थापन झाला, मगो आणि शिवसेनेशी त्याची युती झाली. २०१७ मध्ये मंचाचा एकही उमेदवार आला नाही. भाजप २१ वरून १३ वर घसरला, आणि मगोचे जे तीन आमदार आले त्यांनी निकाल लागताच भाजपलाच पाठिंबा दिला. विचारासाठी केलेल्या बंडाने पक्षाची ताकद कमी केली. पण त्याचे फळ बंडखोरांच्या पदरात पडले नाही, सौदा करू शकणाऱ्या मित्रपक्षाच्या पडले.

मांद्रे मतदारसंघात तर पुढची सगळी कथा एका ठिकाणी दिसते. २०१७ मध्ये मुख्यमंत्री असलेले लक्ष्मीकांत पार्सेकर, पक्षाचे जुने कार्यकर्ते आणि माजी प्रदेशाध्यक्ष, काँग्रेसच्या दयानंद सोपटे यांच्याकडून सात हजारांहून अधिक मतांनी हरले. दीड वर्षाने सोपटे भाजपमध्ये आले आणि पोटनिवडणूक भाजपच्या तिकिटावर जिंकले. २०२२ मध्ये तिकीट पुन्हा सोपटेंना. पार्सेकर पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले. दोघेही हरले, मगोचे जीत आरोलकर आले. आणि मगोने पुन्हा भाजपलाच पाठिंबा दिल्याने सरकारचे काही बिघडले नाही. बिघडले ते फक्त त्या दोघांचे.

पणजीची लढत अधिक गाजली. पर्रीकरांच्या निधनानंतर मे २०१९ मधील पोटनिवडणुकीत भाजपने त्यांचे निकटचे सहकारी सिद्धार्थ कुंकळ्येकर यांना उभे केले आणि काँग्रेसचे बाबूश मोन्सेरात यांनी ती जागा जिंकली. जुलैमध्ये इतर नऊ आमदारांसह मोन्सेरात भाजपमध्ये होते. २०२२ मध्ये तिकीट त्यांनाच मिळाले. उत्पल पर्रीकर यांनी पक्षाच्या मूल्यांचा मुद्दा पुढे करून अपक्ष अर्ज भरला आणि ७१६ मतांनी हरले. पक्षाच्या हिशेबाने निर्णय बरोबर ठरला. पण वाऱ्याची दिशा दाखवणारी गोष्ट वेगळी आहे : २०१९ च्या त्या दहा जणांपैकी २०२२ मध्ये विधानसभेत परतले ते फक्त तिघे, बाबूश आणि जेनिफर मोन्सेरात आणि थिवीचे नीळकंठ हळर्णकर. उपमुख्यमंत्री झालेले बाबू कवळेकर केप्यात हरले. सासष्टीत काँग्रेसच्या चिन्हावर मिळालेली मते कमळावर येत नाहीत हे तिथल्या मतदाराने स्पष्ट केले. मते माणसाची असतात ही समजूत सगळीकडे सारखी लागू नाही. उत्तरेत ती बऱ्यापैकी चालते, सासष्टीत कमी.

तरीही भाजपला २० जागा मिळाल्या, एकूण मतांच्या सुमारे एक तृतीयांश मतांवर. उरलेली दोन तृतीयांश मते काँग्रेस, आप, तृणमूल, मगो, गोवा फॉरवर्ड, रेव्होल्युशनरी गोवन्स आणि अपक्ष यांच्यात विभागली गेली.

काँग्रेसने त्या वर्षी उलटी कसोटी लावली होती. सोडून गेलेल्यांना तिकीट नाही, आणि उमेदवारांनी फुटणार नाही अशी शपथ घ्यायची. पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाजवळ (क्रूसाजवळ) आणि बेतीच्या दर्ग्यात उमेदवारांना नेऊन शपथा झाल्या. नियमात एक फट मात्र होती. आपले फुटीर नकोत, पण दुसऱ्यांचे चालतील. भाजप सरकारातले मंत्री मायकल लोबो निवडणुकीच्या तोंडावर आले, त्यांना आणि पत्नी डिलायला यांना दोन मतदारसंघ मिळाले, दोघेही जिंकले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी आठ आमदार भाजपमध्ये गेले, त्यांत दोन्ही लोबो होते आणि कामतही. आपण देवाला विचारूनच गेलो, असे कामतांनी सांगितले. आठांतले बरेच जण पहिल्यांदाच आमदार झालेले होते. तेव्हा नवा चेहरा म्हणजे टिकाऊ निष्ठा, हा त्या वर्षीचा लाडका सिद्धांतही तिथेच संपला.

आपने प्रतिज्ञापत्रे घेतली आणि तरीही जातीचे गणित सोडले नाही. मुख्यमंत्रिपदाचा चेहरा म्हणून भंडारी समाजातले वकील अमित पालेकर पुढे केले. ते सांताक्रूझमध्ये हरले, पक्षाच्या दोन जागा सासष्टीत आल्या, बाणावली आणि वेळ्ळी.

विचारनिष्ठेची सर्वांत कडक परीक्षा त्या वर्षी रेव्होल्युशनरी गोवन्स पक्षाने घेतली. मूळ गोमंतकीय कोण याची कायद्याने व्याख्या व्हावी, ही त्यांची ‘पोगो’ (पर्सन ऑफ गोवन ओरिजिन) विधेयकाची मागणी. ज्यांना ती मान्य नाही त्यांच्याशी २०२२ मध्ये युती नव्हती. विरोधी मते फोडणारे म्हणून त्यांच्यावर टीका होते, आणि हिशेब मांडला तर काही मतदारसंघांत ती खोटी नाही. पण त्यांचा एकमेव आमदार जिथे आला ते सांत आंद्रे पाहिले की चित्र थोडे बदलते. तिथे भाजपचा उमेदवार २०१९ मध्ये काँग्रेसमधून गेलेल्या दहांपैकीच एक होता. वीरेश बोरकर त्याच्याविरुद्ध ७६ मतांनी निवडून आले.