घरातला पाम : विदर्भाचा उन्हाळा आणि बोअरचं पाणी

आमच्याकडून पाम नेलात, त्यासोबत हा कागद. झाड नवं आहे तोवर एकदा पूर्ण वाचा. पाम मेला की लोक उन्हाला दोष देतात, पण घरातला पाम बहुतेक वेळा पाण्यामुळेच जातो. पाणी फार झालेलं असतं किंवा ते खारं असतं.

आणल्यावर पहिले पंधरा दिवस
कुंडी बदलू नका, खत घालू नका. नर्सरीतल्या जाळीखालून खोलीत आल्यावर खालची दोन-तीन पानं पिवळी पडतात, हे होणारच. अरेका पामच्या एका कुंडीत दहा-पंधरा रोपं एकत्र वाढवलेली असतात. ‘दोन कुंड्या करू’ म्हणून ती सोडवायला जाऊ नका. मुळं तुटली की अर्धी रोपं जातात. देठावरचे बारीक काळे ठिपके हा रोग नाही, अरेकाचा देठ तसाच असतो. ते नखानं खरवडू नका.

जागा
अरेकाला भरपूर उजेड लागतो, पण दुपारचं ऊन चालत नाही. पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फूट ही उत्तम जागा. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिलचं ऊन एकच दुपार पडलं तरी पान पांढरट भाजतं आणि ते पुन्हा हिरवं होत नाही. आतल्या अंधाऱ्या बैठकीसाठी अरेका नेऊच नका, लेडी पाम किंवा पार्लर पाम मागा. टिनाच्या छताखालची खोली मे महिन्यात कोणत्याच पामला मानवत नाही.

कूलर असलेली खोली चांगली, कारण हवेत ओल राहते. मात्र कूलरचा झोत थेट पानांवर नको. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ओसरीवरची कुंडी आत घ्या. ओसरीवर ठेवायची तर शेळ्यांचाही विचार करा, पाम त्यांना आवडतो. अरेका खाल्ल्यानं जनावराला विषबाधा होत नाही. ‘सागो पाम’ म्हणून विकला जाणारा सायकस मात्र खरा पामच नाही, आणि तो विषारी आहे. लेकरं आणि जनावरं असलेल्या घरात तो नको.

पाणी
वार बघून पाणी देऊ नका, बोटानं बघून द्या. मातीत बोट दोन पेरं घाला. कोरडं लागलं तरच पाणी. दहा इंची कुंडीला साधारण एक ते दीड लिटर, खालच्या भोकातून वाहेपर्यंत. अर्ध्या तासानं ताटलीत उरलेलं पाणी ओतून टाका. उन्हाळ्यात हे दर दोन दिवसांनी करावं लागेल, हिवाळ्यात पाच-सहा दिवसांनी, पावसाळ्यात कधी आठवडाभरही नाही. रोज पेलाभर पाणी घालणं सगळ्यात वाईट, वर चिखल होतो आणि खालची मुळं कोरडीच राहतात.

पानाचं टोक तपकिरी होऊन कडक झालं, तर कुंडीची कड बघा. तिथं पांढरी पुटं दिसली तर ते क्षार आहेत. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात हे हमखास होतं, खोल बोअरचं पाणी असेल तर इतरत्रही. पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून क्षार जात नाहीत. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर त्यातला क्लोरीन उडतो, क्षार तिथंच राहतात. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया पाणी तर मूळ पाण्याहून खारं असतं. कूलरच्या टाकीत तळाला उरलेल्या पाण्याचंही तेच. ही दोन्ही पाणी झाडाला घालू नका.

उपाय सोपा आहे. पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवा, ड्रम झाकून ठेवा. दोन महिन्यांतून एकदा कुंडी बाहेर सावलीत नेऊन, कुंडीच्या तिप्पट गोडं पाणी हळूहळू सोडा आणि सगळं निथळू द्या. जुलैत दोन-तीन दिवस पावसात ठेवली तरी काम होतं, फक्त नंतर लख्ख ऊन पडायच्या आत परत घ्या.

माती आणि खत
नुसती काळी माती नको. ओली असताना ती चिकटून मुळं गुदमरवते, वाळली की भेगा पडून मुळं तोडते. लाल माती दोन भाग, कोकोपीट एक, जाड वाळू एक आणि पुरतं कुजलेलं शेणखत एक. ताज्या शेणात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. कुंडी दोन-तीन वर्षांनी बदला, तीही पाऊस लागल्यावर, आणि फक्त दोन इंच मोठी घ्या. मुळांचा गोळा फोडू नका. खोड आधी होतं त्याहून खोल गाडू नका.

खत जुलै ते ऑक्टोबर आणि नंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये : दर दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत, किंवा महिन्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत. युरियाची चिमूट टाकायचा मोह आवरा. घरात सुपर फॉस्फेटचं पोतं असेल तर तेही नको. त्यात फ्लोराईड असतं आणि पामची टोकं त्यानं जळतात.

जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला पट्टा हिरवा, ही मॅग्नेशियमची कमतरता. कपाशीची पानं लाल पडतात त्या ‘लाल्या’वर वापरता तेच मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला दोन ग्रॅम, मातीत घाला. नवं पानच फिकट निघत असेल तर खत देऊ नका, आधी भोक तुंबलंय का ते बघा.

कीड
उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पान पांढऱ्या कागदावर झटका, चालणारे ठिपके दिसले की तोच. पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेनं धुवा, चार-चार दिवसांनी तीनदा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) ओल्या कापसानं पुसून काढा. शेतातलं औषध घरात मारू नका. तणनाशकाचा पंप तर धुतलेला असला तरी वापरू नका.

छाटणी
पान पूर्ण वाळल्यावरच कापा. पिवळं पान अजून झाडाला अन्नद्रव्यं देत असतं. खोडाचा शेंडा कधीच छाटू नका, पामला फांद्या फुटत नाहीत, शेंडा गेला की ते खोड गेलं.

तरीही झाड सुधारलं नाही तर एक जुनं आणि एक नवं पान पिशवीत घट्ट बांधून आणा, सोबत देत असलेलं पाणी बाटलीत. कीड असलेली कुंडी मात्र नर्सरीत आणू नका.