शेवटच्या आठवड्यातले सहा किलो

मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे एमएमएमध्ये, लाइटवेट गटाची मर्यादा ७०.३ किलो. तरी पिंजऱ्यात समोरासमोर उभे असलेले दोन लाइटवेट त्या घटकेला बहुधा ७५ किलोंच्या आसपास असतात. यात नियमभंग काही नाही. वजन आदल्या दिवशी सकाळी होतं आणि लढत दुसऱ्या दिवशी रात्री, त्यामुळे उतरवलेलं वजन परत चढवायला चोवीस तासांहून जास्त वेळ मिळतो. पंच, टेकडाउन (समोरच्याला जमिनीवर पाडणं), जमिनीवरची पकड यांवर महिनोन्‌महिने घाम गाळणारी मुलं वजन मात्र ऐकीव माहितीवर उतरवतात, आणि बऱ्याच लढती तिथेच हातच्या जातात.

या शेवटच्या वजनात चरबी जवळपास नसतेच. एक किलो चरबी घटवायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते, म्हणून ते काम आधीच्या आठ-दहा आठवड्यांत, आठवड्याला अर्धा-पाऊण किलो या चालीने उरकलेलं असावं लागतं. शेवटच्या आठवड्यात जातं ते पाणी, पाणी धरून ठेवणारी साखर आणि आतड्यातला ऐवज.

समजा, खेळाडू सोमवारी ७६ किलोंचा आहे आणि शुक्रवारी सकाळी वजन आहे. ५.७ किलो उतरवायचेत.

पहिला वाटा ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेचा. स्नायू आणि यकृत मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. सोमवारपासून कर्बोदकं दिवसाला ५० ग्रॅमवर आणली, म्हणजे दिवसभरात मोजून दीड वाटी भात, की हलक्या सरावात साठा उतरत जातो आणि दीड किलोच्या आसपास वजन जातं. प्रथिनं तोडायची नाहीत. किलोमागे दोन ग्रॅम चालू ठेवायची. याच आठवड्यात जोरदार स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत, करणं ही ठरलेली चूक. रिकाम्या स्नायूंनी प्रतिक्रिया मंदावते आणि दुखापत होते.

दुसरा वाटा पोटाचा. तंतुमय अन्न आतड्यात पाणी धरून बसतं. चार दिवस तंतू १० ग्रॅमच्या खाली ठेवले, भाकरी, मोडाची मटकी, पालेभाज्या, पेरू बंद करून अंडी, मासे, चिकन, पनीर यांवर राहिलं, की अर्धा ते एक किलो कमी होतं. यात ताकद तसूभरही जात नाही. तरीही हा किलो सोडून थेट घामाच्या मागे लागणारे कितीतरी आहेत.

तिसरा वाटा वॉटर लोडिंगचा, आणि यातलं शरीरशास्त्र फार सुंदर आहे. भरपूर पाणी प्यायलं की मेंदू व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक कमी सोडतो. मग मूत्रपिंडाच्या नलिकांच्या भिंतीतली पाणी परत शोषणारी दारं मिटतात आणि लघवी पातळ, भरपूर होते. पाणी अचानक कमी केलं तरी ती दारं लगेच उघडत नाहीत, म्हणून शरीर काही काळ पाणी सोडतच राहतं. लढवय्यांवरच्या अभ्यासात वापरलेलं प्रमाण असं: तीन दिवस किलोमागे १०० मिली, चौथ्या दिवशी १५ मिली. आपल्या खेळाडूला सोमवार ते बुधवार रोज ७.६ लिटर आणि गुरुवारी १.१ लिटर. जागेपणीच्या चौदा तासांत वाटलं तर तासाला साधारण ५४० मिली होतं. हेच पाणी दोन बैठकांत ढोसलं, किंवा त्याच दिवसांत मीठ पूर्ण तोडलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, उलट्या, झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो.

उरलेले दोनेक किलो रात्रभरच्या श्वासातून आणि घामातून. ४० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात १५ मिनिटं, मग अंग पुसून टॉवेलात गुंडाळून पडायचं, वजन घ्यायचं, विश्रांती, गरज असेल तरच पुन्हा. कधीही एकट्याने नाही. रबरी सूट घालून धावणं सर्वांत वाईट, कारण उष्णता आतून तयार होत राहते आणि घाम सुकू शकत नाही. १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉनावर बंदी आली. डिसेंबर २०१५मध्ये मनिलात यांग जियान बिंग हा चिनी खेळाडू लढतीआधीच गेला. त्याच्यानंतर वन चॅम्पियनशिप या लढती भरवणाऱ्या संस्थेने वजनाबरोबर लघवीची घनताही तपासायला सुरुवात केली. घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं, उकाड्यात थंडी वाजली, बसल्या जागी नाडी उतरेना, यांतलं एकही दिसलं तर प्रशिक्षकाने खेळाडूला बाहेर काढावं आणि वजन चुकू द्यावं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा तर विचारही नको. त्या वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहेत आणि पोटॅशियम बिघडवून हृदयाची लय मोडतात.

वजन झालं की खरी कसोटी सुरू होते. नुसतं पाणी प्यायलं तर रक्त पातळ होतं आणि ते पाणी लघवीवाटे निघून जातं. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहक प्रथिनातून जोडीने आत येतात आणि पाणी त्यांच्यामागे ओढलं जातं. म्हणून औषधाच्या दुकानातलं ओआरएसच घ्यावं. त्यात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. गेलेल्या पाण्याच्या सव्वा ते दीडपट द्रव परत द्यायचा: तीन किलो पाणी गेलं असेल तर चार ते साडेचार लिटर, तासाला लिटरभराहून जास्त नाही. सोबत मऊ भात, केळी, मध, उकडलेला बटाटा. दिवसभरात किलोमागे सातेक ग्रॅम कर्बोदकं. उपासमारीनंतर थेट बिर्याणीवर आडवा हात मारला की पोट बिघडतं आणि ओआरएसही टिकत नाही. सलाइनची पळवाट बंद आहे: रुग्णालयातल्या उपचारासारखं वैद्यकीय कारण नसेल तर १२ तासांत १०० मिलीहून जास्त द्रव शिरेतून घेणं वाडाच्या नियमांत बसत नाही.

तालमीतून एमएमएकडे वळणाऱ्या मुलांनी एक फरक पक्का समजून घ्यावा. आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन लढतींच्याच दिवशी सकाळी होतं आणि पुढच्या फेरीसाठी दुसऱ्या सकाळी पुन्हा. पॅरिसमध्ये ऑगस्ट २०२४मध्ये विनेश फोगटचं वजन पहिल्या दिवसाच्या लढतींनंतर ५० किलोंच्या मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरलं. पाणी आणि अन्न मिळताच शरीराने ते धरून ठेवलं होतं. रात्रभर झटून, केस कापूनही १०० ग्रॅम उरलेच. एमएमएमध्ये एका आठवड्यात सात-साडेसात टक्क्यांपर्यंत उतरवणं जाणकार देखरेखीत जमतं. त्याच सकाळी खेळायचं असेल तर माझ्या मते तीन टक्क्यांपुढे जाऊच नये. अठरा वर्षांखालच्यांनी यातलं काहीच करू नये.

लढतीच्या सहा आठवडे आधी निम्म्या प्रमाणात रंगीत तालीम घ्यावी: तीन किलो उतरवायचे, चोवीस तास भरून काढायचं आणि तीन फेऱ्या हलकं स्पारिंग करून पाहायचं. दुसऱ्या फेरीतच पाय जड झाले किंवा वजन पूर्ण परत आलं नाही, तर ७०.३ चा हट्ट सोडून ७७.१ किलोंच्या वेल्टरवेट गटात नाव द्यावं.