अभियांत्रिकी व वास्तुकला संशोधन, मुंबईतील

मुंबई महानगरातील विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे व तत्सम संस्थांच्या अभियांत्रिकी आणि वास्तुकला शाखांतील अध्यापकांनी केलेले संशोधनकार्य. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था (आयआयटी, स्था. १९५८), माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी, पूर्वीची यूडीसीटी; स्था. १९३३) व वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था (व्हीजेटीआय, स्था. १८८७), तसेच वास्तुकलेत सर जे. जे. महाविद्यालय, रचना संसद आणि कमला रहेजा विद्यानिधी संस्था ही त्याची मुख्य केंद्रे होत.

आरंभ : या परंपरेचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकमत नाही. व्हीजेटीआयचे १८८७ हे वर्ष काही जण मानतात; पण तेथील सुरुवातीचा भर गिरण्यांसाठी कुशल मनुष्यबळ तयार करण्यावर होता. जे. जे. मधील वास्तुकलेच्या शिक्षणाबाबत तीन वर्षे पुढे केली जातात. आरेखकांसाठी वर्ग निघाला ते १८९६, रॉबर्ट केबल यांच्या काळात चार वर्षांचा अभ्यासक्रम आला ते १९०८, आणि महाविद्यालय स्वतः स्थापनेचे म्हणून मानते ते १९१३. तिन्ही वर्षे अध्यापनाच्या आरंभाची आहेत. संशोधनाचा विचार केल्यास जे. जे.चे प्राचार्य क्लॉड बॅटली यांचा काळ (सु. १९२३–४३) अधिक ग्राह्य वाटतो. जुन्या भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मापे घेऊन त्यांची आरेखने करण्याची शिस्त त्यांनी विद्यार्थ्यांना लावली. अभियांत्रिकीत त्याच सुमारास, १९३३ मध्ये, मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग (यूडीसीटी, आजची आयसीटी) सुरू झाला.

रसायन अभियांत्रिकी : मुंबईची सर्वांत सलग संशोधन-परंपरा याच विभागात आढळते. मन मोहन शर्मा केंब्रिजमध्ये डांकवर्ट्स यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. करून १९६४ मध्ये येथे प्राध्यापक म्हणून परतले. वायू व द्रव यांच्या संपर्कपृष्ठाचे क्षेत्रफळ रासायनिक पद्धतीने मोजण्याचे त्यांचे काम मूलगामी आहे. वायू द्रवात किती वेगाने शोषला जाईल हे या क्षेत्रफळावर ठरते; पण कारखान्यातील उंच मनोऱ्यात असंख्य बुडबुडे सतत फुटत व एकत्र येत असतात आणि छायाचित्रांतून त्यांतील थोड्याच भागाचा अंदाज येतो. यासाठी वेग आधीच नेमका ठाऊक असलेली शीघ्र विक्रिया मनोऱ्यात घडवतात, उदा., कॉस्टिक सोड्याच्या द्रावात कार्बन डाय-ऑक्साइडचे शोषण. विक्रिया पुरेशी शीघ्र असली की शोषणाचा वेग द्रवाच्या घुसळणीवर अवलंबून राहत नाही. त्यामुळे एकूण शोषलेला वायू मोजला की क्षेत्रफळ गणिताने मिळते. पुढे ज्येष्ठराज जोशी यांनी बुडबुड्यांच्या स्तंभांतील प्रवाहांचा, तर गणपती यादव यांनी घन उत्प्रेरकांचा अभ्यास याच संस्थेत केला. यादव २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडले गेले. शेतीतील काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याच्या आयसीटीच्या तंत्रावर काशीपूर (उत्तराखंड) येथे २०१६ मध्ये प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला १० टन जैवभाराची आहे.

शर्मा १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ‘पहिले भारतीय अभियंता’ असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. तथापि मुंबई गोदीतील वाफयंत्रांचे अभियंते आर्देशीर कर्सेटजी वाडिया यांना हा मान १८४१ मध्येच मिळाला होता. म्हणून अभियांत्रिकीच्या अध्यापक-संशोधकांपुरता तो उल्लेख मर्यादित ठेवणे अधिक योग्य.

पवईतील कार्य : अमित अग्रवाल (सूक्ष्मप्रवाहिकी, म्हणजे अतिसूक्ष्म नलिकांतील द्रव-वायूंचे प्रवाह) व अश्विन गुमास्ते (संगणक-जाल) यांना विज्ञान-तंत्रज्ञानासाठीचे २०१८ चे भटनागर पारितोषिक मिळाले, तर सुनीता सरावगी यांना विस्कळीत मजकुरातून माहिती वेचण्याच्या कामासह विदाविषयक (डेटाविषयक) संशोधनासाठी २०१९ चे इन्फोसिस पारितोषिक. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने हिंदीबरोबर मराठीचेही शब्दजाल (वर्डनेट, म्हणजे शब्दांचे अर्थसंबंध नोंदवणारा संगणकीय कोश) उभारले. मराठीच्या संगणकीय अभ्यासाला ते फार उपयोगी पडले असून त्याची दखल याहून अधिक घेतली जायला हवी. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने सीएआर-टी उपचारपद्धती विकसित केली. तीत रुग्णाच्याच टी-पेशी काढून, जनुकीय बदल करून, कर्कपेशींवर मारा करण्यासाठी परत सोडतात. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. हे काम जैवअभियांत्रिकी विभागातील असल्याने त्याचा समावेश येथे केला आहे.

वर्गीकरणाची अशीच अडचण सुबिमल घोष यांच्याबाबत येते. ते स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांचे २०१९ चे भटनागर पारितोषिक मात्र भूविज्ञान-वातावरण विभागातील आहे. देशातील अतिवृष्टीचा कल सर्वत्र एकसारखा नसून तिच्यातील स्थानिक तफावत वाढत आहे, हा त्यांच्या गटाचा निष्कर्ष. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, तेव्हा कुलाब्यात त्याचा अगदी लहान हिस्साच पडला होता. हे अनुभवलेल्या शहराला या निष्कर्षाचे मोल सांगावे लागत नाही.

वास्तुकला : येथील संशोधन बहुधा नकाशे, पाहण्या व अहवाल या रूपांत असते. नियतकालिके व पारितोषिके यांच्या याद्यांत ते क्वचितच दिसते, म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही. कमला रहेजा विद्यानिधीने गिरण्यांच्या जमिनी व पूर्व किनाऱ्याची बंदरभूमी यांचे अभ्यास केले. आयआयटीत वास्तुकलेचा पदवी अभ्यासक्रम नसल्याने २०१४ च्या व्हर्साय येथील युरोपीय ‘सोलर डेकॅथलॉन’ या सौरऊर्जेवरील घरांच्या स्पर्धेसाठी सौरगृह उभारताना तिने रचना संसदेशी हातमिळवणी केली.

दोन्ही शाखांचा सर्वांत अर्थपूर्ण संगम मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व विभागातील (गोवंडी-मानखुर्द परिसर) पुनर्वसन वसाहतींच्या पाहणीत दिसतो. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड व पीएमजीपी वसाहत येथे क्षयरोग व इमारतींची रचना यांचा संबंध ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने पवईतील नागरी अभ्यासकांसह तपासला. रोनिता बर्धन व अर्णब जाना हे त्यांपैकी होत. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून असून खालच्या मजल्यांवर ऊन व वारा पोचत नाही. क्षयाचे प्रमाणही तेथेच अधिक आढळले. इमारतींमधील अंतर मोकळे असलेल्या पीएमजीपी वसाहतीत ते बरेच कमी होते.