प्रसाद आणि कम्युनियन: रांग दिसली म्हणून उभं राहू नका

ख्रिसमसनंतर चर्चमधल्या लग्नांचा मोसम सुरू झाला की हा घोळ ठरलेलाच. मित्राच्या लग्नाला अख्खं ऑफिस वांद्र्याला येतं, मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) चालू असते आणि मध्येच पुढचे बाक रिकामे होऊन रांग लागते. फादर प्रत्येकाच्या हातावर काहीतरी गोल, पांढरं ठेवतायत. प्रसादच असणार! झालं, आपली मंडळी साडी सावरत, शर्ट खाली ओढत रांगेत. फक्त कॅथलिकांनी पुढे यावं, अशी सूचना फादरनी माइकवरून दिलेली असते, पण ती इंग्रजीत, भरभर, आणि नेमका तेव्हाच फोटोग्राफर समोरून पळत असतो.

प्रसादाबद्दल मी वेगळं काय सांगणार? सत्यनारायणाचा शिरा असो की सिद्धिविनायकाचा लाडू, समोर आला की हात पुढे करायचा. नको म्हणणं हाच अपमान. अर्धा खायचा, अर्धा पुडीत बांधून घरी न्यायचा, शेजारणीलाही द्यायचा.

दिसण्यातला फरक किरकोळ आहे. चर्चमधली ती चकती, म्हणजे कम्युनियन, नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी. खमीर नाही, साखर नाही. चवीला काहीच नाही. तिला ‘बिस्कीट’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

खरी गोम पुढेच आहे. प्रसाद देवाला दाखवलेला असतो, देवाकडून आलेला असतो. कम्युनियनबद्दल कॅथलिक माणसाची श्रद्धा याच्या पार पुढे जाते: वेदीवर फादरनी प्रार्थनेतले ठरलेले शब्द उच्चारल्यावर ती भाकर राहत नाही, स्वतः ख्रिस्त होतो. म्हणून उरलेल्या चकत्या वाटून संपवत नाहीत. त्या कुलपात ठेवतात आणि जवळ अखंड दिवा तेवत असतो. रांगेत फादर प्रत्येकाला म्हणतात, “ख्रिस्ताचं शरीर,” आणि घेणारा म्हणतो, “आमेन.” हे आमेन तोंडदेखलं नाही. मी हे मानतो, मी या चर्चच्या मंडळीचा आहे, माझा बाप्तिस्मा झालाय, माझी तयारी आहे, हे सगळं त्यात आलं. प्रसाद घेताना तुम्ही काहीच कबूल करत नाही. इथे घेणं हीच कबुली. लग्नाला आलेल्या पाहुण्याने पोटभर जेवावं, फोटोत मिरवावं, पण रजिस्टरमध्ये नवरदेवाच्या जागी सही करू नये, तसं आहे हे.

एका लग्नात मी पाहुण्यांना बाकावर बसवायच्या कामाला होतो. एका आजींनी चकती तळहातावर घेतली, मागे वळल्या, दोन तुकडे केले आणि अर्धा नातवाच्या तोंडात घातला. त्यांच्या लेखी ही मायाच होती. मागचे चार जण मात्र श्वास रोखून उभे.

“म्हणजे आम्हा हिंदूंना मनाई?” हा प्रश्न येतोच, आणि त्याचाच मला सगळ्यात कंटाळा आहे. जरा बाकांकडे बघा ना. फर्स्ट कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा कम्युनियन घेण्याचा विधी, न झालेली लहान मुलं बसलेली असतात. तासाभरात काही खाल्लेला काका बसलेला असतो, कारण आधीचा तासभर उपास लागतो. गंभीर पापाची कबुली द्यायची राहिलेला बसतो. कोर्टात घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलेली, पण चर्चने पहिलं लग्न रद्द न ठरवलेली नवऱ्याची सख्खी आत्याही बहुतेक वेळा बसून असते. प्रोटेस्टंट पाहुणेसुद्धा उठत नाहीत. कोणी कोणाला का बसलास म्हणून विचारत नाही.

मग दुसरा टोला: येशू तर सगळ्यांना बोलावतो ना? बोलावतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीचे निमंत्रित सबबी सांगतात: एकाने शेत घेतलंय, एकाने बैलांच्या पाच जोड्या, एकाचं नुकतंच लग्न झालंय. मग यजमान गल्लीबोळांतून गरीब, आंधळे, लंगडे आणवतो, तरी जागा उरते म्हणून गावाबाहेरच्या वाटांवरूनही माणसं आणवतो. आमंत्रण खरंच आहे, आणि ते ‘या’ म्हणतं. येशूचा शिष्य फिलिपही आपल्या ओळखीच्या नथनेलाला एवढंच म्हणतो: येऊन पाहा. ‘घ्या’ ही त्यानंतरची गोष्ट, ज्याने होकार दिलाय त्याच्यासाठी. लूकच्याच शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना भाकर मोडताना येशू ओळखू येतो. पण तो अनोळखी वाटसरू म्हणून त्याआधी वाटभर त्यांच्यासोबत चाललेला असतो. तेव्हा बाकावर बसलेल्याला देव भेटत नाही, असं समजायचं कारण नाही.

घोळ वाढवतं ते माहीम. तिथल्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना होतो आणि त्याला सगळ्या धर्मांची माणसं लोटतात. “तिथे चालतं, मग इथे का नाही?” अहो, नोव्हेना ही प्रार्थना आहे, ती कुणीही करावी. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीला) मेणाचं घर किंवा मेणाचा पाय वाहा, कोणी अडवणार नाही. 13 जूनला, सेंट अँथनीच्या दिवशी, बऱ्याच चर्चमध्ये आशीर्वादित पाव वाटतात. तो खुशाल घ्या, अर्धा नातवाला द्या, घरी न्या. प्रसादाच्या जवळचं काही हवं असेल तर ते हे.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाचे, म्हणजे त्यांच्या कम्युनियनचे, नियम वेगळे. दुसऱ्या मंडळीचा बाप्तिस्मा झालेला माणूस तिथे बहुधा चालतो, तरी पाळकांना आधी विचारलेलं बरं.

लग्नात काय करायचं? बसून राहा, गुडघे आत घ्या, शेजारच्याला जायला वाट द्या. काही ठिकाणी हात छातीशी आडवे धरून नुसता आशीर्वाद घ्यायला जातात. लग्नाच्या घाईत मला ते पसंत नाही, कारण फादर सवयीने चकती पुढे करतातच. आणि चुकून हातात पडलीच तर रुमालात बांधू नका, पर्समध्ये टाकू नका. तिथल्या तिथे फादरच्या हातात परत द्या. कोणी ओरडत नाही.