कोड लिहिणाऱ्याला खोली हवी : पार्श्वभूमी

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि हिंजवडीत नोकरी करणारे आम्ही कितीतरी जण लॅपटॉप घेऊन साताऱ्याला घरी आलो. माझं टेबल मधल्या खोलीत. बग, म्हणजे कोडमधली चूक, हाताशी येतोय तोच आईची हाक यायची, "अरे, सिलेंडर आलाय, पैसे दे जरा." काम दोन मिनिटांचं, पण परत बसल्यावर कुठला व्हेरिएबल (कोडमध्ये किंमत साठवणारं नाव) कुठे बदलतोय, हे पहिल्यापासून जुळवावं लागे. आईचं काही चुकत नव्हतं. स्क्रीनकडे नुसता बघत बसलेला माणूस कामात आहे, हे बघणाऱ्याला कळणार कसं?

कंपन्यांच्याही ते उशिराच ध्यानात आलं. १९६८ साली एका अमेरिकी अभ्यासात प्रोग्रॅमर-प्रोग्रॅमरच्या वेगात प्रचंड तफावत दिसली. ज्याची त्याची हुशारी, असाच त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला. आयबीएमने मात्र कॅलिफोर्नियातल्या सांता तेरेसा इथली इमारत बांधण्याआधी प्रोग्रॅमर काम कसं करतात ते पाहिलं आणि माणशी १०० चौरस फूट जागा, ३० चौरस फूट टेबल आणि आवाज अडवणारा आडोसा ठरवला. ही इमारत १९७७ मध्ये सुरू झाली.

जागेचा कामावर परिणाम होतो याचा खरा पुरावा टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर या अमेरिकी सॉफ्टवेअर सल्लागारांनी गोळा केला. १९८४ ते १९८६ या काळात ९२ कंपन्यांतल्या सहाशेहून जास्त डेव्हलपरना त्यांनी एकच काम दिलं, तेही ज्याच्या त्याच्या ऑफिसात, रोजच्या वेळेत. कामगिरीत पहिल्या पाव हिश्शातल्यांना सरासरी ७८ चौरस फूट जागा होती, शेवटच्या पाव हिश्शातल्यांना ४६. विनाकारण व्यत्यय येतो म्हणणारे पहिल्यांत ३८ टक्के, शेवटच्यांत ७६. अनुभव आणि पगार यांचा कामगिरीशी फारसा संबंध दिसला नाही. चांगली माणसंच चांगल्या जागी जात असतील, ही शंका दोघांनी स्वतःच मांडली होती. तरी एकाच कंपनीतून जोडीने आलेल्या, पण वेगवेगळं काम केलेल्या दोघांची कामगिरी बरीचशी सारखी निघावी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

एवढं होऊनही ऑफिसातल्या भिंती पडतच गेल्या. मोकळ्या जागेत माणसं एकमेकांशी बोलतील, हे त्याचं कारण. भिंती काढण्याआधी आणि नंतर दोन कंपन्यांत झालेलं मोजमाप २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, तर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलेलं.

आता पुन्हा ऑफिसला या म्हणतात. घर की ऑफिस, एवढंच विचारतात. सलग दोन तास कुठे मिळतात, ते कुणी विचारत नाही. मी माडीवर आठ बाय दहाची खोली काढून घेतलीय. दार लावलं की फोन खाली आईकडे असतो, आणि सिलेंडरचे पैसे फ्रिजवरच्या डब्यात.